डावीकडचं जास्तीचं पाऊल

ऑक्टोबर लागला, गाडीला विंटर टायर्स घालायची वेळ झाली, की माझं डोकं फिरतं.

थंडीचा राग नाही हो. इथे कॅनडात, ऑटवाच्या या कनाटा उपनगरात येऊन सोळा वर्षं झाली. थंडीवर चिडून कुणाचं काही वाकडं होत नाही हे पहिल्या दोन वर्षांतच कळलं. मला राग येतो तो फोनचा. आमच्या मराठी मंडळातली कुणीतरी हमखास फोन करते आणि इकडचं तिकडचं झालं की विचारते, "नंदा, टायर्स कुठे बदलून घेतेस? ते हायवेजवळचं दुकान नको हं, तिथे फार थांबवतात. आम्ही आता पार दुसऱ्या टोकाला जातो." थांबवतात म्हणे! त्या दुकानात कुणी थांबवत नाही. तिथे मिहिर आहे, म्हणून ही मंडळी गावाला वळसा घालून जातात. ज्या हातांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, त्या हातांना आता गाडीची किल्ली त्याच्या हातात द्यायची लाज वाटते. लाज त्यांची त्यांना वाटत असती तर मी काही बोलले नसते, पण ते ती त्याच्यावर ढकलतात.

मी मुद्दाम तिथेच जाते. काळ्या ओव्हरऑलमध्ये, हाताला ग्रीस, केस बारीक कापलेले, मिहिर गाडीखालून निघतो आणि म्हणतो, "हाय मावशी." मग एकेक चाक बघून जे असेल ते तोंडावर सांगतो. हे टायर गेलंय, ते अजून एक सीझन चालेल, ब्रेकचा आवाज येतोय. गिऱ्हाइकाला आवडो न आवडो. त्याचा मालक मला एकदा म्हणाला होता की हा मुलगा फार स्पष्ट बोलतो, काही लोक नाराज होतात. मी मान खाली घालून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत बसले.

आमच्या घरामागे हायस्कूलचं मैदान आहे. सप्टेंबर संपत आला की दुपारी चारच्या सुमाराला तिथून शिट्टी ऐकू येते, पोरांचे खांद्यांचे पॅड एकमेकांवर आदळतात, त्याचा आवाज येतो. मेपलची पानं आमच्या अंगणात येऊन पडतात. मी रेक घेऊन ती गोळा करते आणि मला ती दुसरी पानं आठवतात, युनिव्हर्सिटीच्या मैदानाच्या कुंपणाला चिकटून बसलेली, ओली, लाल. लोखंडी बाकं इतकी गार की वैशालीने घरून चार उशा आणल्या होत्या. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात चिवडा. आजूबाजूला गोरी पोरंपोरी तोंडं रंगवून ओरडत होती आणि मधेच आम्ही चौघं, उशांवर बसून चिवडा खाणारे. वैशाली माझी मैत्रीण, मिहिरची आई. तिच्या पलीकडे श्रीकांत, मिहिरचे बाबा. अलीकडे मी आणि माझा नवरा सुधीर. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, कनाटातल्या टेलिकॉम कंपन्या एकेक मजला रिकामा करत होत्या, आणि त्या सगळ्या भीतीत आम्हाला अभिमान बाळगायला एकच गोष्ट सापडली होती. ती म्हणजे आपला मिहिर.

मिहिर कॉर्नरबॅक होता. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा तो खेळ. समोरच्या संघाचा एक चपळ गडी चेंडू झेलायला पुढे पळतो. त्याच्यासमोर उभं राहायचं, तो येईल तसं पाठमोरं मागे पळायचं, आणि तो अचानक ज्या बाजूला वळेल त्या बाजूला त्याच क्षणी स्वतः वळून सावलीसारखं त्याला चिकटायचं. चेंडू त्याला मिळू द्यायचा नाही. कॉर्नरबॅकचं काम एवढंच. पेपरात मिहिरचा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं की हा मुलगा प्रोफेशनल संघात जाणार, प्रश्न फक्त कुठल्या संघात एवढाच आहे. श्रीकांतने त्या पानाच्या वीस रंगीत प्रती काढल्या होत्या.

आणि त्याची मॅच बघायला गेलो त्या पहिल्याच दिवशी, तिसऱ्या का चौथ्या खेळीत, मला ते दिसलं.

उजवीकडे वळताना मिहिर अस्सा वळायचा, की बघत राहावं. पण डावीकडे वळायच्या आधी तो जागच्या जागी एक बारीकसं पाऊल टाकायचा. इवलंसं. मग वळायचा. त्या एका पावलात समोरचा गडी हातभर पुढे निघून जायचा. पण मिहिरचे पाय इतके वेगवान, की पुढच्या पाच ढांगांत तो ते अंतर खाऊन टाकायचा आणि चेंडू उडवून लावायचा. लोक टाळ्या पिटायचे. मी उशीवरून उठून उभी राहिले. सुधीर म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "हा डावीकडे अडकतो." तो म्हणाला, "अगं, आत्ताच तर त्याने अडवला ना! बस खाली. कौतुक करायला आलोय आपण."

मला दिसलं, कारण ते पाऊल माझं होतं.

नागपूरला कॉलेजात मी कबड्डी खेळत होते. डावी कोपरारक्षक. चढाई करणारी मुलगी श्वास धरून आत येते, तिच्या डाव्या-उजव्या हुलकावण्यांना न फसता नेमक्या क्षणी तिचा घोटा धरायचा, हे माझं काम. आमचे सर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हाला मातीत लोळवायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या मुलींसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "नंदे, उजवीकडे तू पोरगी आहेस अन् डावीकडे वळताना बैलगाडी हाकून राहिली का? एक पाऊल जास्तीचं टाकतेस. तिचं तोंड काय बघतेस? कमरेकडे बघ. माणूस तोंडानं थापा मारतो, कमरेनं नाही." पोरी फिदीफिदी हसल्या. मी त्या दिवशी रडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सर टॉवेल घेऊन आले. तो माझ्या कमरेला बांधला, एक टोक स्वतःच्या हातात धरलं, आणि हिसका देतील त्या बाजूला वळायचं असं सांगितलं. डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. एप्रिल-मे महिन्यातलं नागपूर. सूर्य मावळला तरी जमिनीतून वाफ यायची, तोंडात माती, कमरेला टॉवेलचे वळ. एका उन्हाळ्यात ते पाऊल गेलं. कायमचं गेलं. आजही मी किचनमध्ये डावीकडे वळते तेव्हा आधी कंबर वळते.

म्हणजे मला नुसती खोट दिसली नव्हती. तिच्यावरचा इलाज ठाऊक होता, तो किती दिवस चालतो तेही ठाऊक होतं. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं वाचताना हे विसरलं तर माझ्यावर जितकं चिडायला हवं तितकं कुणी चिडणार नाही.

त्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, मंडळात जो तो फुटबॉलचा जाणकार झाला होता. बाप्पा, काय ते एकेकाचं ज्ञान! जन्मात ज्यांनी तो चेंडू हातात धरला नव्हता ते मिहिर प्रो होणार की नाही यावर तासन् तास बोलायचे. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टरकाका, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, आता रिटायर्ड. ते म्हणायचे, "होणार म्हणजे होणारच. काळ्या दगडावरची रेघ." कुणी म्हणायचं उंची कमी पडेल. कुणी म्हणायचं आपल्या लोकांना ते निवडतच नाहीत. श्रीकांतने तर कॉम्प्युटरवर तक्ता केला होता: धावण्याचा वेग, उडी, वजन, अडवलेले चेंडू, प्रत्येकाला गुण, खाली टक्के. बारावीचा निकाल असावा तसा. एकदा त्याने तो मला दाखवला. मी विचारलं, "डावीकडे वळणं कुठे आहे यात?" तो म्हणाला, "ते मोजता येत नाही गं. जे मोजता येतं ते घेतलंय."

खरं तर श्रीकांतला मुलाने हे करावं असं वाटतच नव्हतं. मिहिर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. कनाटातल्या ज्या कंपनीत त्याने शिकता शिकता काम केलं होतं, त्यांनी त्याला पुढच्या वर्षापासून नोकरी देऊ केली होती, डिसेंबरपर्यंत कळव म्हणाले होते. चहूकडे लोकांच्या हातात नारळ पडत असताना नोकरी! श्रीकांत म्हणायचा, ती घे. मिहिर म्हणायचा, मला एक वर्ष द्या. मे महिन्यात ड्राफ्ट असतो. प्रोफेशनल संघ कॉलेजातली मुलं एकेक करून निवडतात. डिसेंबर ते मे पूर्ण वेळ तयारी केली तर जमेल, नोकरी धरली तर नाही जमणार. घरात रोज यावरून वादावादी चालायची. वैशाली मधल्या मधे भरडली जात होती.

एका शनिवारी तिच्या किचनमध्ये आम्ही दोघी मंडळाच्या कार्यक्रमासाठी बदाम-पिस्ते कापत बसलो होतो. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "नंदा, तू खेळलीयेस. बाकीचे नुसते बोलतात. खरं सांग, होईल ना गं तो?"

माझ्या जिभेवर आलं होतं. वैशाली, त्याचं डावं वळण कच्चं आहे, उद्यापासून त्याला माझ्याकडे पाठव. एवढंच वाक्य. पण मला पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेला श्रीकांत दिसत होता. मला माहीत होतं, मी खोट सांगितली की तिचा निकाल होणार. "बघ, नंदा स्वतः खेळलीय, तीच म्हणतेय नाही होणार." आपल्याकडे दोष दाखवणं आणि नापास करणं यात कुणी फरकच करत नाही. दोष असतो म्हणजे तो काढता येतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी म्हटलं पोराची बाजू घेऊ या. आणि म्हणाले, "होईल गं. का नाही होणार?"

वैशालीचे डोळे भरून आले. तिने माझा हात दाबला, बदामाच्या चुऱ्यासकट.

पोराची बाजू घेतली असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला वाईट व्हायचं नव्हतं. आदल्या वर्षी मंडळाच्या नाटकाच्या तालमीत मी म्हणाले होते की दुसरा प्रवेश फार रेंगाळतो. तर वर्षभर मला "टेस्टर बाई आल्या, चुका काढतील" म्हणून हिणवलं. मी टेस्टिंगमध्येच आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी; सबंध दिवस मी तेवढंच करते, आणि चूक सापडली की ऑफिसातले लोक थँक्यू म्हणतात. मराठी माणसांत आले की मात्र तोंड शिवून गोड हसायचं. कसली ही रीत! मला तिची चीड आहे, आणि मी ती मुकाट्याने पाळली याची जास्त चीड आहे.

मग कोजागरी. हॉल सात वाजता रिकामा करून द्यायचा असतो, म्हणून आमची कोजागरी दुपारी तीनला सुरू होते. बाहेर उजेड लख्ख, चंद्राचा पत्ता नाही, आत स्टीलच्या भल्यामोठ्या पातेल्यात मसाला दूध उकळतंय, केशराचा आणि ओल्या कोटांचा एकत्र वास. आणि कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर "युवा क्रीडापटू चि. मिहिरचा सत्कार".

कशाचा सत्कार? तेव्हा ऑक्टोबर चालू होता, ड्राफ्ट मे महिन्यात. निवड व्हायची होती, चाचणी व्हायची होती, सीझनसुद्धा संपला नव्हता. मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारलं होतं, मे महिन्यानंतर करू या का? डॉक्टरकाका म्हणाले, "अगं, तेव्हा तो कुठल्या कुठे गेलेला असेल. आपल्यासाठी त्याला वेळ असेल का? आत्ताच उरकून घेऊ." उरकून घेऊ! त्यांना त्या मुलाशी देणंघेणं नव्हतं. उद्या तो मोठा झाला तर आम्ही आधी ओळखलं होतं म्हणून दाखवायला फोटो हवा होता. शालसुद्धा कुणाच्या तरी कपाटातली होती, घडीच्या रेषा तशाच. नारळ ग्रोसरीतला, शेंडी नसलेला.

आणि निवेदन कुणाकडे? माझ्याकडे. मंडळात निवेदन म्हटलं की बाईलाच उभं करायचं. मी आदल्या दिवशी बसून मानपत्र लिहिलं होतं, शुद्ध मराठीत, नटवून. माइक हातात घेऊन मी वाचलं, "ज्याचा बचाव निर्दोष, ज्याची नजर अचूक..." निर्दोष! सबंध आयुष्य दोष शोधण्यात घालवलेल्या बाईने, आपल्या डोळ्यांनी पाहिलेला दोष गिळून, दीडशे लोकांसमोर तो शब्द उच्चारला. टाळ्या पडल्या. मिहिर शाल सावरत, नारळ कुठे ठेवायचा ते न कळून, उभा होता. मग तो वाकून डॉक्टरकाकांच्या पाया पडला, आईबाबांच्या पडला, माझ्या पडला. वैशालीने त्याला लहानपणापासून तशी सवय लावली होती. आम्ही सगळ्यांनी तोंड भरून म्हटलं, यशस्वी हो.

कार्यक्रम संपल्यावर मी पार्किंगमध्ये रिकामं पातेलं गाडीत ठेवत होते. मिहिर धावत आला, पातेल्याचा दुसरा कान धरला. शाल गळ्यात मफलरसारखी गुंडाळली होती. म्हणाला, "मावशी, व्हॉट डझ निर्दोष मीन?"

मी सांगितलं. ज्याच्यात काही फॉल्ट नाही तो.

तो हसला नाही. पातेलं आत सरकवून तसाच उभा राहिला. "आई सेज तू पण कॉर्नर होतीस. कबड्डीत. कॅन आय आस्क समथिंग? माझं लेफ्ट... डावीकडे वळताना मला समथिंग वाटतं. कोच म्हणतो, फर्गेट इट, वुई आर विनिंग. तुला काय दिसलं?"

हे मी आज लिहितानासुद्धा माझे कान तापतात. त्याला शंका होती! सबंध हॉलभर त्याची आरती चालली होती आणि तो एकटा बाहेर येऊन नेमकं बोट ठेवत होता, आणि अख्ख्या ऑटवात ज्या एका बाईला उत्तर माहीत होतं तिलाच विचारत होता. त्याच्या कोचला जिंकायचं होतं. त्या वर्षाचे सामने जिंकले की त्याचं भागत होतं, मग पोराचं पुढे काही का होईना. त्या माणसालाही मी मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या आहेत. पण माझे कुठले सामने होते? मला काय जिंकायचं होतं? माझ्या पायाशी मोकळं पार्किंग होतं, गाडीत टॉवेल होता, पातेल्याखाली घातलेला. तिथल्या तिथे त्याच्या कमरेला बांधून मी त्याला दाखवू शकत होते.

मागून वैशाली येत होती, हातात फुलांचा गुच्छ, चेहरा आनंदाने नुसता फुललेला. मी तिच्याकडे बघितलं आणि मिहिरला म्हणाले, "छान खेळतोस रे. टेन्शन घेऊ नकोस."

"ओके," तो म्हणाला. "थँक्स, मावशी."

डिसेंबरात त्याने नोकरीला नाही कळवलं. जानेवारी-फेब्रुवारीत घरामागच्या मैदानावर कुणीतरी एका कोपऱ्यातलं बर्फ शोव्हल करून चौकोन मोकळा केलेला मला दिसायचा. तो मिहिर. तोंडातून वाफा काढत सरळ धावायचा, उड्या मारायचा, कारण चाचणीत धावणं आणि उड्या मोजतात. बापाच्या तक्त्यात होतं तेच. मी किचनच्या खिडकीतून चहा पीत बघायची. एकदा मी कोट चढवून, बूट घालून दारापर्यंत गेले होते. मग वाटलं, आता सांगितलं तर तो विचारेल की तेव्हा का नाही सांगितलंस. मी बूट काढून ठेवले. तेव्हा अजून तीन महिने होते हातात.

मार्चमधल्या चाचणीत संघांचे लोक स्टॉपवॉच आणि टेप घेऊन बसतात, बैलबाजारात दात बघतात तसं पोरांना वळवून, मोजून बघतात. त्यांच्या डोळ्यांना काय दिसायचं ते दिसलं असणार. पेपरवाले पहिल्या फेरीत जाणार म्हणत होते तो मुलगा अगदी शेवटच्या फेरीत निवडला गेला. तरी मंडळात पेढे वाटले. शेवटची असली तरी निवड झाली होती. वैशालीने फोनवर नाचत सांगितलं, मीही नाचले. मला वाटलं, बघ, उगाच घाबरत होतीस, सगळं निभावलं.

संघात शेवटी कुणाला ठेवायचं ते ठरवणाऱ्या ट्रेनिंग कॅम्पमधून तो नवव्या दिवशी परत आला.

मग तोंडं उघडली सगळ्यांची. "आम्ही म्हणतच होतो." कोण म्हणत होतं? कधी म्हणत होतं? डॉक्टरकाका म्हणाले, "आपल्या मुलांची हाडंच वेगळी, मला डॉक्टर म्हणून आधीच शंका होती." त्या काळ्या दगडावरच्या रेघेचं काय झालं, हे मी त्यांना भर मीटिंगमध्ये विचारलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. सत्काराचा फोटो मंडळाच्या वेबसाइटवरून गुपचूप काढून टाकला. कुणी श्रीकांतला म्हणालं, वेळीच नोकरी घ्यायला लावायला हवी होती. त्या कंपनीने तोवर अर्धी माणसं घरी पाठवली होती, नवीन कुणाला घेत नव्हते. मिहिर डिग्री घेऊन सगळीकडे अप्लाय करत राहिला. टायरच्या दुकानात तो तात्पुरता लागला होता. तिथे त्याला हा आता चौथा सीझन. कामात मला काही कमीपणा दिसत नाही. कमीपणा ज्यांना दिसतो ते गावाला वळसा घालून जातात.

पण मंडळावर कितीही आगपाखड केली तरी माझं समाधान होत नाही, कारण त्यांना बिचाऱ्यांना दिसलंच नव्हतं. ते आंधळेपणाने टाळ्या वाजवत होते. मी डोळे उघडे ठेवून वाजवल्या.

जूनमध्ये, परत आल्यावर दोन आठवड्यांनी, तो एकटाच आमच्याकडे आला. दुपारची वेळ, सुधीर ऑफिसात. मी चहा टाकला. त्याच्यासाठी वेलदोडा जास्त घातला, त्याला आवडतो म्हणून. मागच्या मैदानावर गवत कापण्याचं मशीन फिरत होतं, हिरवा वास आत येत होता. तो टेबलाशी बसला, कपाभोवती दोन्ही हात धरून. मी विचारलं, "कसा होता रे कॅम्प?"

"तिसऱ्या दिवशी कोचने बाजूला घेतलं," तो म्हणाला. "म्हणाला, यू टेक अॅन एक्स्ट्रा स्टेप. लेफ्ट साइडला. म्हणाला, कॉलेजात तुझा स्पीड ते लपवत होता, इथे सगळेच फास्ट आहेत. अँड देन ही सेड, आमच्याकडे हे शिकवायला वेळ नाही. समबडी शुड हॅव टोल्ड यू."

मी माझ्यासाठी उरलेला चहा गाळत होते. गाळणं मी सिंकमध्ये ठेवलं.

"मावशी," तो म्हणाला, "तुला दिसलं होतं ना?"

एकदा तरी खरं बोलायचं होतं. मी म्हणाले, "हो."

"कधी?"

"पहिल्याच मॅचला."

त्याने मान हलवली. आवाज चढवला नाही. त्याने चढवायला हवा होता. मी त्याच्या जागी असते तर कप भिंतीवर मारला असता. तो इंजिनिअरच्या पोरासारखा शांतपणे पुढचा प्रश्न विचारत होता. "इज इट फिक्सेबल?"

मी त्याला सरांचं सांगितलं. टॉवेलचं सांगितलं. एक उन्हाळा लागला म्हणाले. दोन महिने. फार तर तीन.

त्याने टेबलावर बोटाने हळूहळू मोजलं. कोजागरीचा ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मेपर्यंत आला आणि थांबला.

"सात महिने होते माझ्याकडे, मावशी."

मशीन बाहेर मैदानाच्या पार टोकाला गेलं होतं. मी काहीतरी म्हणायला गेले, तुझ्या बाबांना कळलं असतं तर, तुझी आई किती खूश होती, असलं काहीतरी. माझं मलाच ते ऐकवेना. मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "इट्स ओके." इथली मुलं तसं म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो.

त्याने चहा संपवला. कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवला, पाणी घातलं. दाराशी जाऊन बूट घातले, एकेक लेस नीट बांधली. मी तिथेच उभी होते. मग तो उठला, आणि आईने लावलेली सवय ती, निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं, माझ्यासमोर वाकला.

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "यशस्वी हो."